सांधा कोणी जोडायचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यापुढे प्रश्न ठेवला तो असा: संगणकाची एखादी नवी पद्धती जुन्या पद्धतीशी जुळते न घेता यशस्वी होऊ शकते काय? प्रश्न ऐकून कोणासही वाटेल की हे काम अभियंत्याचे. युनियनच्या माणसाने त्यात पडण्याचे कारण काय? मी शाळा फारशी शिकलेलो नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या कैफियती लिहिता लिहिता. परंतु तीस वर्षांच्या या धंद्यात एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. नवे यंत्र कोणते घ्यावे हे वरच्या मजल्यावर ठरते. जुन्या यंत्राचे काम नव्यावर आणून घालण्याचे कष्ट मात्र खाली बसलेल्या माणसाला करावे लागतात. म्हणून या प्रश्नाचा इतिहास खालून पाहण्याचा माझा विचार आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. संगणकवाले ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात तो आपला भुसावळचा फलाट नव्हे. एखादे यंत्र, ते चालवणारी मूळ आज्ञावली, त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे आणि त्यात साठवलेले कागद, हे सगळे मिळून एक प्लॅटफॉर्म होतो. जुन्यावरचे काम नव्यावर विनासायास चालले तर दोन्ही सुसंगत आहेत असे म्हणतात. सुसंगतता हा पुस्तकी शब्द झाला. आपल्या जिल्ह्यात रेल्वेच्या लोकांचा सांधा हा शब्द अधिक बोलका आहे. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर ज्या ठिकाणी जाते तो सांधा. आजच्या भाषणापुरता मी तोच शब्द वापरणार आहे.

सांधा नसला म्हणजे काय होते हे पाहण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. मुंबईहून ठाण्याला १८५३ साली पहिली आगगाडी निघाली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवर. तीच रुंदी पुढे आपल्याकडे आली. चाळीसगावाहून धुळ्याला १९०० साली फाटा निघाला, तोही त्याच रुंदीचा. त्यामुळे धुळ्यात भरलेली वाघीण सील न तोडता मुंबईपर्यंत जाऊ शकत होती. याउलट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोऱ्याहून जामनेरला जी लाइन गेली ती अडीच फुटांची. अरुंद रुळ घालायला स्वस्त, वळणे घ्यायला सोपे. लाइन बांधणाऱ्याचा त्यात फायदा होता. पण जामनेरच्या बाजूने आलेला डबा पाचोऱ्याला मोठ्या रुळांवर चढणार कसा? माल तेथे उतरवावा लागे आणि दुसऱ्या डब्यात भरावा लागे. दोन रुळांमधला तीन फुटांचा फरक हमालाच्या पाठीवरून पार होत होता. हिशेबाच्या वहीत लाइन स्वस्त पडली असे दिसले, कारण ती पाठ त्या वहीत कोठेच नव्हती.

तरीही ती छोटी गाडी शंभर वर्षे चालली, २०२० च्या महामारीत ती थांबेपर्यंत. का चालली? तिच्या प्रदेशात दुसरी गाडीच नव्हती म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवा. संगणकाच्या इतिहासात ती पुन्हा भेटणार आहे.

आता जगाकडे एक धावती नजर टाकू. १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० नावाची संगणकांची नवी मालिका जाहीर केली. लहान यंत्रापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांची आज्ञाभाषा एक, ही तिची थोरवी. पण कंपनीच्या स्वतःच्याच जुन्या यंत्रांशी ती जुळत नव्हती, आणि १४०१ नावाचे जुने यंत्र तर हजारो कचेऱ्यांत बसलेले होते. कंपनीने शहाणपण केले. नव्या यंत्राला १४०१ चे सोंग घेता येईल अशी सोय तिने करून दिली. गिऱ्हाइकांनी नवे यंत्र घेतले आणि त्यावर कित्येक वर्षे जुनीच कामे चालवली.

इंटेल आणि ह्यूलेट पॅकार्ड या कंपन्यांनी याच्या उलट केले. त्यांनी इटॅनियम नावाचा नव्या धाटणीचा प्रोसेसर २००१ साली बाजारात आणला. जुनी सॉफ्टवेअरे त्यावर चालत, पण रखडत. २००३ साली एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्याच आज्ञासंचाला नवी जोड देऊन काम भागवले. गिऱ्हाईक तिकडे गेले, आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलला तीच वाट धरावी लागली.

मग सांध्यावाचून कोणीच तरले नाही काय? तसे नाही. ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश १९८४ साली आला तेव्हा त्याच कंपनीच्या आधीच्या ॲपल टू या संगणकाची सॉफ्टवेअरे त्यावर चालत नव्हती. वर्षभर तो चाचपडत होता. १९८५ साली लेझर प्रिंटर आणि पेजमेकर नावाचे सॉफ्टवेअर त्याच्या जोडीला आले, आणि टेबलावर बसून पुस्तकाचे पान जुळवण्याची विद्या जन्माला आली. ती जुन्या यंत्रांवर नव्हतीच. म्हणजे ही जामनेरची गाडी झाली, त्या मुलखात दुसरी गाडी नव्हती. २००७ सालचा आयफोन आणि २००८ सालचा अँड्रॉइडचा फोन यांचेही तेच. टेबलावरच्या संगणकाचे एकही सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालत नव्हते, पण खिशात बसणारा असा संगणक आधी कोणापाशी होता? शिवाय ई-मेल त्यावर येत होती, जुनी संकेतस्थळे उघडत होती. एक सांधा तोडला तरी दुसरा शाबूत होता.

एवढ्यावरून ढोबळ नियम निघतो. जुने काम जुन्याच पद्धतीने जेथे चालू आहे, तेथे सांध्यावाचून नव्याचा निभाव लागत नाही. अगदी नवे काम करून दाखवणाऱ्याला मात्र थोडी सवलत मिळते. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ते का अपुरे, हे आपल्या मराठीच्याच उदाहरणावरून कळेल.

१९५५ साली गोदरेज कंपनीने देशी बनावटीचा टाइपरायटर काढला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभारात मराठीचा वापर वाढला आणि तालुक्यातालुक्यांत टंकलेखनाचे वर्ग फुलले. जळगाव आणि धुळ्यातल्या किती घरांत मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या प्रमाणपत्रांवर चूल पेटली याची मोजदाद कोणी केली नाही; पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या बोटांना तो कळफलक आजही पाठ असेल. नजर कागदावर आणि बोटे आपोआप चालत आहेत, ही विद्या महिनोन् महिन्यांच्या सरावाने येते. कामगाराचे ते भांडवलच होय.

संगणक आला तेव्हा नागरी अक्षरांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. कानपूरच्या आयआयटीत त्यावर मोलाचे संशोधन झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ते जिस्ट या नावाने वाढवले. १९८६ साली सरकारने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही अक्षरांची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात एक अक्षर म्हणजे एक संकेत. मराठीतला क आणि बंगालीतला क यांना एकच क्रमांक. शोधणे, क्रम लावणे, एका लिपीतून दुसरीत नेणे, सगळे सुकर. शास्त्रदृष्ट्या ही रचना उत्तम होती आणि ती आपल्या माणसांनी केलेली होती.

आणि तरीही छापखान्यात ती चालली नाही. याचे कारण पाहण्यासारखे आहे. छापखान्यात पेजमेकर आला होता आणि पेजमेकरला फक्त रोमन अक्षरे कळत होती. वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, हे त्याला ठाऊक नव्हते. खाजगी कंपन्यांनी येथे युक्ती केली. त्यांनी असे फाँट बनवले की संगणकाला वाटावे इंग्रजी अक्षरेच चालली आहेत, पण पडद्यावर त्या जागी काना, मात्रा, अर्धा स, उभी रेघ अशा नागरीच्या आकृती उमटाव्यात. शास्त्राच्या दृष्टीने ही फसवणूकच होती. पण प्रस्थापित यंत्राशी तिचा सांधा जुळत होता. शिवाय बऱ्याच कंपन्यांनी टाइपरायटरचा जुना कळफलकही देऊ केला. म्हणजे माणसाच्या बोटांशीही सांधा जुळला. इनस्क्रिप्ट अधिक तर्कशुद्ध असूनही कित्येक टंकलेखकांनी जवळ केला नाही तो याचमुळे. शुद्ध पद्धती हरली आणि जुळवून घेणारी जिंकली.

या विजयाची किंमत पुढे कळली. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्याचे अंतर्गत संकेतही वेगळे. जळगावला जुळवलेला मजकूर धुळ्याच्या छापखान्यात उघडावा, आणि तेथे तो फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसावी. शब्द शोधता येईना, अकारविल्हे यादी लावता येईना. एकाच भाषेत शंभर रुंदीचे रूळ पडले.

त्यावर उपाय म्हणून युनिकोड आले. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात बसवणारी ही प्रणाली १९९१ सालीच प्रथम प्रसिद्ध झाली होती. विंडोज २००० पासून ती संगणकाच्या अंगभूत सोयीत नागरीसह आली, आणि पुढे मोबाइल फोन व इंटरनेट यांनी तिला घरोघर पोचवले. जुन्या फाँटांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांत साठवलेले एकही पान तिला वाचता येत नव्हते. तरी ती जिंकली, कारण धुळ्याहून पाठवलेले पत्र दुबईतल्या मुलाच्या फोनवर जसेच्या तसे उघडावे हे काम फाँट करू शकत नव्हते.

तेव्हा, नवी पद्धती सांधा तोडूनही यशस्वी होते, असे म्हणून येथे थांबता येईल काय? जरा बारकाईने पाहू. युनिकोडने सगळे सांधे तोडले नव्हते. इंग्रजीसाठी जी जुनी आस्की प्रणाली होती तिचे १२८ क्रमांक युनिकोडने तसेच ठेवले. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ ही मांडणी केली, तिच्यात जुन्या साध्या इंग्रजी मजकुराचा एकही बाइट बदलावा लागत नाही. अमेरिकेतल्या कचेरीला आपला जुना कागद पुन्हा टंकित करण्याची पाळी आली नाही. नागरीचा क्रमही इस्कीवरूनच घेतलेला आहे, हे आपल्या संशोधकांचे श्रेय. पण जळगावच्या छापखान्यातला मजकूर होता फाँटांत, आणि त्या फाँटांची दखल घेण्याचे कोणाला कारण वाटले नाही.

आणखी दोन लहान गोष्टी सांगतो. युटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, नागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. इंग्रजी लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत ७० चिन्हे झाली की दुसरा संदेश सुरू होतो. मराठीला हवा असलेला ॲ हा स्वर या कोष्टकात आला तो २००८ साली. यात कोणी द्वेषाने काही केले असे मी म्हणत नाही. पण इतिहास एवढे सांगतो की सांधा ठेवायचा की तोडायचा हे ठरवताना बलवानाचा जुना माल आधी सांभाळला जातो. दुर्बळाच्या जुन्या मालाला मात्र, तो नव्याने भरून घ्या, असे सांगितले जाते.

तो भरला कोणी? माझ्या पाहण्यातल्या एका कचेरीत फाँटमधले वर्षानुवर्षांचे इतिवृत्त युनिकोडमध्ये आणायचे ठरले. त्यासाठी परिवर्तक नावाची सॉफ्टवेअरे मिळतात. त्यांतली काही हौशी मंडळींनी कष्टाने बनवून फुकट वाटली, त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण परिवर्तकातून काढलेल्या मजकुरात रफार भलत्याच अक्षरावर बसे, जोडाक्षरे फुटत, आकडे बदलत. शेवटी दोन मुली रोज पानागणिक मजुरीवर बसल्या आणि मूळ छापील प्रतीशी ताडून ओळ न् ओळ सुधारत राहिल्या. कामाच्या अहवालात लिहिले गेले: संगणकप्रणालीद्वारे रूपांतर पूर्ण. पाचोऱ्याच्या हमालाप्रमाणे त्या मुलीही वहीबाहेरच राहिल्या.

टंकलेखकाचे काय झाले? २००९ च्या सुमारास गोदरेजने टाइपरायटर बनवणे थांबवले. पुढे राज्याच्या परीक्षाही संगणकावर गेल्या. तरुण पोरे फोनवर रोमन अक्षरांत शब्द लिहितात आणि फोन त्याचे मराठी करून देतो. म्हणजे त्यांनीही हाताला पडलेल्या इंग्रजी वळणाशीच सांधा जोडला. पन्नाशीच्या टंकलेखकाला मात्र, तुमचा वेग येथे उपयोगाचा नाही, असे ऐकावे लागले. ज्यांना संगणकावर जुना कळफलक मिळाला ते टिकले. ज्यांना मिळाला नाही त्यांचे भांडवल एका दिवसात बुडाले, आणि त्या बुडिताची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

सांधा मुळीच जोडला नाही तर काय होते, त्याचा दाखला धुळ्यातच आहे. मराठी राज्याचे दप्तर मोडीत होते. इंग्रजी अमदानीतही महसुलाच्या कित्येक नोंदी मोडीतच राहिल्या. छापखान्याने बाळबोध उचलली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली. मोडी ही तुटलेली रूळवाट झाली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची आणि पेटाऱ्यांतली दप्तरे मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापून काढली. आपण त्यांना इतिहाससंशोधक म्हणून वंदन करतो. मला ते सांधेवालेही वाटतात, एका लिपीतले राज्य दुसऱ्या लिपीत आणणारे. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते याच धुळ्यात वारले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले.

पण राजवाड्यांच्या वाट्याला न आलेले कागद? २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जातीच्या दाखल्याचा, म्हणजे पोराच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न जुन्या कागदांवर येऊन ठेपला, आणि कचेऱ्यांना मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावे लागले. कागद आहे, हक्क आहे, पण वाचणारा नाही. लिपी सोडली त्या पिढीने जो खर्च वाचवला तो पणतवंडांकडून वसूल झाला. आजच्या फाँटांतल्या मजकुराचे, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरांतल्या सहकारी संस्थांच्या हिशेबांचे पन्नास वर्षांनी काय होईल, याचा विचार यावरून करावा. मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. संगणकातला कागद तर यंत्रावाचून दिसतही नाही.

आम्हा युनियनवाल्यांवर एक आक्षेप नेहमी येतो की आम्ही संगणकाला विरोध केला. केला, हे खरे आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात मोठा लढा दिला. बँकांतही विरोध होता. पण १९८३ आणि १९८७ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांच्या संघाशी करार केले, आणि यंत्रे आली ती अटींसह. यंत्रामुळे कोणाची नोकरी जाऊ नये, यंत्रावर बसणाऱ्याला प्रशिक्षण आणि जादा भत्ता मिळावा, असा त्यांचा रोख होता. हे करार म्हणजे माणसाच्या बाजूने जोडलेला सांधाच होय. खातेवहीवर हात बसलेला कारकून संगणकापुढे बसला आणि बँकही चालली. ज्यांच्यामागे संघटना नव्हती त्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांना आणि वर्गातल्या टंकलेखकांना असा करार कोणी दिला नाही. फरक यंत्रात नव्हता.

मूळ प्रश्नाकडे वळून समारोप करतो. नवी पद्धती जुन्याशी न जुळता यशस्वी होऊ शकते काय? यंत्राचा यंत्राशी सांधा तुटला तर होऊ शकते. मॅकिन्टॉश, मोबाइल आणि युनिकोड ही तिची साक्ष आहे. परंतु कामाचा कामाशी आणि माणसाचा कामाशी जो सांधा असतो तो कोठे ना कोठे, कोणाला ना कोणाला जोडावाच लागतो. तो यंत्र बनवणाऱ्याने जोडला तर त्याला सुसंगतता म्हणतात. त्याने जोडला नाही तर मजुराने जोडायचा असतो, आणि मग त्याला काहीच म्हणत नाहीत.

म्हणून आपल्या बँकेत, पालिकेत, शाळेत किंवा सोसायटीत उद्या नवी प्रणाली येईल तेव्हा सर्वसाधारण सभेत उठून तीन प्रश्न विचारावेत. जुना मजकूर नव्यात आणण्याचा खर्च निविदेत धरला आहे काय? ही प्रणाली सोडायची झाली तर आपले कागद सर्वांना वाचता येतील अशा रूपात परत मिळतील काय? आणि जुन्या यंत्रावर ज्यांचा हात बसला आहे त्यांच्या शिकण्याचे दिवस पगारी आहेत काय? हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही, सभासद असले म्हणजे पुरते. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि ते इतिवृत्त युनिकोडमध्ये लिहिलेले आहे ना, तेवढे पाहून घ्या.